अनुभव धागा: चालीशिवाय ओळखलेली गाणी

वसतिगृहात वीज गेली की आम्ही एक खेळ खेळायचो. भेंड्यांसारखाच, पण गायचं नाही. एकानं इंग्रजी रॉक गाण्याचा किंवा लोकगीताचा आशय मराठीत सांगायचा, बातम्या वाचतात तशा सपाट आवाजात, आणि बाकीच्यांनी ओळखायचं. तोंडपाठ गाणी हुकायची आणि एकदाच कानावर पडलेली चटकन सापडायची, याचं मला अजून नवल वाटतं. तुम्ही कुठल्या शब्दावर ओळखलंत, कुठे अडलात, ते लिहा.

*

मी अडलो 'स्मोक ऑन द वॉटर'वर. गिटार शिकताना त्याची सुरुवात मी दोन वर्षं घोटली होती. मित्र म्हणाला, "आम्ही तळ्याकाठी रेकॉर्डिंगला आलो आणि तिथलं कसिनोच जळून गेलं." मला वाटलं, पेपरातलं काहीतरी सांगतोय. आणि आहेही ती बातमीच! ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोच्या कसिनोत फ्रँक झॅपा या अमेरिकी रॉक संगीतकाराचा कार्यक्रम चालू होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर (इशाऱ्यासाठी उडवतात तो पेटता बाण) उडवली आणि इमारत पेटली. हे गाणं ज्यांचं, त्या डीप पर्पल बँडची मंडळी तिथे रेकॉर्डिंगला आली होती. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी पाहिला, तोच गाण्यात आला. झॅपाचं नावसुद्धा आहे त्यात. इतकी वर्षं मी नुसती गिटार ऐकत होतो. शब्द त्या रात्री पहिल्यांदा ऐकले.

*

लोकगीतं जास्त अवघड, कारण शब्द गायकागणिक बदलतात. आमच्याकडे 'हाऊस ऑफ द रायझिंग सन'वरून मोठा वाद झाला. वहिनींनी सांगितलं ते न्यू ऑर्लिन्समध्ये आयुष्याची माती झालेल्या मुलीचं गाऱ्हाणं. मी म्हटलं, चूक, गाणं मुलाचं आहे. मी ऐकलेलं १९६४ चं, अॅनिमल्स या बँडचं. वहिनींनी ऐकलेलं बॉब डिलनच्या १९६२ च्या पहिल्या अल्बममधलं, तिथे बाईच बोलते. पुढे कळलं, १९३७ साली लोकगीतं गोळा करणाऱ्या अॅलन लोमॅक्सनं अमेरिकेतल्या केंटकीत ध्वनिमुद्रित केलं तेव्हाही गाणारी सोळा वर्षांची मुलगी होती. वहिनी, तुमचे गुण मी कापले ते परत घ्या. मुलीच्या तोंडी ते शब्द फार खोल लागतात.

*

मी 'स्कारबरो फेअर' हे इंग्रजी लोकगीत घातलं होतं. त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या थाइम या सुवासिक पाल्याला मुद्दाम ओवा म्हटलं (थायमॉल हे वासाचं द्रव्य दोन्हींत असतं, वासही जवळचा), म्हणून सगळे गोंधळले. पण "बिनशिवणीचा सदरा शिवून दे" म्हटल्याबरोबर तिघे एकदम ओरडले.

*

मी वाईची. "बिस्मिल्ला" आणि "गॅलिलिओ" एकाच गाण्यात आले की आमच्याकडे शेंबडं पोरही 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सांगतं. ते गाणारा, क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी घाटावर पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथेच त्याचा हेक्टिक्स नावाचा पहिला बँड होता. आम्हाला तो आमचाच वाटतो.

*

आईला इंग्रजी येत नाही. तिच्यासमोर मी अमेरिकी लोकगायक पीट सीगरचं 'व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन' मराठीत सांगितलं. फुलं मुलींनी खुडली, मुली नवऱ्यांकडे गेल्या, नवरे सैन्यात, सैनिक थडग्यांत, आणि थडग्यांवर पुन्हा फुलं. आई लगेच म्हणाली, "हे तर अक्कण माती चिक्कण माती!" खरंच, भोंडल्यातही तसंच एकातून एक निघतं. खड्डा, जातं, सपीट, करंज्या. सीगरला १९५५ मध्ये हे सुचलं ते रशियन लेखक शोलोखोव्हच्या कादंबरीत आलेल्या कोसॅक लोकगीताच्या ओळींवरून. सैनिक आणि थडग्यांची कडवी मागाहून जो हिकरसन या दुसऱ्या लोकगायकानं जोडली, त्यामुळे गाणं फिरून फुलांवर आलं. आई म्हणाली, "आपलं सासरी जाऊन थांबतं, यांचं थांबतच नाही." मग मी गाणं लावलं. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "पुन्हा लाव."