वडिलांच्या तळपायाची जखम भरत नाहीये. बोट काढण्याआधी कुठे दाखवू?

नमस्कार मंडळी, जरा लवकर सल्ला हवा आहे.

आण्णा ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळपायाला आधी नुसता घट्टा होता. पावसाळ्यात तो फुटला, आता दिवाळी झाली तरी भरायचं नाव नाही. रुपयाच्या नाण्याएवढी जखम, कडेला पांढरी जाड कातडी, मध्ये ओल. दुखत अजिबात नाही, आणि खरी अडचण तीच आहे. पाय बधिर, त्यामुळे आण्णा त्याच पायावर गोठ्यात जाऊन धारा काढतात. संध्याकाळी पट्टी सोडावी तर लस मोज्यापर्यंत आलेली असते.

गावात दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे. इन्सुलिन सुरू केल्यापासून साखर बरीच आटोक्यात आली. तालुक्याच्या सर्जननी मात्र पाय बघितला आणि थेट "बोट काढून टाकू" म्हणाले. एक्स-रे नाही, डॉपलर (पायातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) नाही. जखम का भरत नाही हे न बघता बोट काढायचं, हे मला पटत नाही. मी पुण्यात असते, गाव इस्लामपूरजवळ. मिरज, कोल्हापूर किंवा पुण्यात मधुमेही पायाची वेगळी ओपीडी कुठे आहे? व्हॅक ड्रेसिंगचा (मशीननं जखमेतली लस ओढून घेणारी पट्टी) उपयोग होईल का? आणि आण्णांना चालण्यापासून थांबवायचं कसं?

प्रतिसाद:

ताई, माझ्या सासऱ्यांचं असंच होतं, म्हणून लिहितो. आधी व्हॅस्क्युलर सर्जनना, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा. रक्त पोचत नसेल तर बोट काढलेली जागाही भरत नाही. अशा वेळी आधी पायाची अँजिओप्लास्टी (फुग्यानं तुंबलेली रक्तवाहिनी उघडणं) करतात. जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे घोट्याजवळ मोजलेला रक्तदाब खोटा चांगला येऊ शकतो. अंगठ्याचाही दाब मोजतात का, ते विचारा. हाडात जंतू गेलेत का हेही बघायला हवं. सुरुवातीला एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआय लागू शकतो.

रक्तपुरवठा ठीक असेल आणि जंतुसंसर्ग आटोक्यात असेल, तर गुडघ्याखालपर्यंतच्या टोटल कॉन्टॅक्ट कास्टबद्दल (पायाला सगळीकडून चिकटून बसणारं प्लास्टर) विचारा. पायाचा भार त्यात वाटला जातो आणि प्लास्टर रुग्णाला घरी काढता येत नाही, आण्णांसाठी हे फार महत्त्वाचं! ती पांढरी कातडी डॉक्टरांकडूनच कापून घ्या, घरी ब्लेड लावू नका. व्हॅक त्यानंतरचं, मेलेलं मांस किंवा हाडातला संसर्ग तसाच ठेवून ते लावत नाहीत. योग्य उपचार सुरू झाल्यावर ४ आठवड्यांत जखम निम्म्यानं लहान झाली नाही, तर डॉक्टरांना पुन्हा सगळं तपासायला सांगा.

ताप आला, लाली वर चढली, वास सुटला किंवा बोट काळं पडलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.