विषय: बरोसा सहल – पत्रकातली अँगसची ओळ

सर्वांना नमस्कार,
पत्रक उद्या पाचला छपाईला जातंय. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातल्या अँगास्टन गावाखाली "जॉर्ज फाइफ अँगस, दक्षिण ऑस्ट्रेलियाचे संस्थापक" असं आहे. ठेवायचं का? जागा एकाच ओळीची. रात्रीपर्यंत कळवा.
– सचिव

संस्थापक नको. ब्रिटिश संसदेच्या 1834 च्या कायद्यात अट होती, आधी 35,000 पौंडांची जमीन विका, मगच वसाहत. ती खपेना. शेवटी भाव एकरी 12 शिलिंगांवर आणला, तेव्हा अँगस आणि भागीदारांनी उचलली, त्यातूनच साउथ ऑस्ट्रेलियन कंपनी. "भांडवल उभं करणारे बँकर" लिहा. तीस वर्षं बँकेत काढलीत मी, हे काम लहान नाही.
– आप्पा

आप्पा, बँकर लिहिलं की कुठली बँक विचारतील. युनियन बँक लिहाल तर सगळ्यांना आपली मुंबईची वाटेल. अँगसची ती युनियन बँक ऑफ ऑस्ट्रेलिया, 1837 ची, लंडनमध्ये निघालेली, 1951 च्या विलीनीकरणात एएनझेड बँक झाली. आणि पत्रक नऊ वर्षं मी करतेय, मजकुराला हात लावण्याआधी मला विचारा.
– माई

माई, पत्रक तुमचंच. पण जर्मन मंडळी राहिली की! प्रशियाचा राजा त्यांना त्यांच्या रीतीने प्रार्थना करू देईना, तेव्हा 1838 मध्ये लुथरन पाद्री कावेलच्या लोकांच्या प्रवासाला अँगसने पैसे दिले. त्याच सुमारास त्याच्या कारकुनाने, फ्लॅक्समनने, न विचारता त्याच्या नावावर 28,000 एकर घेतले. अँगस बुडायचाच बाकी होता. आम्ही आलो तेव्हा तिकिटाचे पैसे मंडळातल्याच एका घराने उसने दिले होते. हे वाचताना तेच आठवतं.
– बापू

बापू, त्या जर्मनांनाही उसनेच दिले होते, व्याजाने. आणि ब्रिटिश होंडुरासमधल्या (आजचं बेलीझ) गुलामांच्या मालकांना ब्रिटिश सरकारने भरपाई दिली, ती घेणाऱ्यांत एजंट म्हणून अँगसचं नाव आहे. मुलं सोबत आहेत, त्यांना हेही कळायला हवं.
– वहिनी

वहिनी, ते बसमध्ये मी स्वतः सांगेन, एका ओळीत कोंबायचं नाही. तो साठी उलटल्यावर, 1851 मध्ये इथे आला आणि विधान परिषदेवर गेला, तेही सांगते. ओळ अशी: "जॉर्ज फाइफ अँगस, बँकर व विधान परिषद सदस्य, अँगास्टन हे नाव यांच्यावरून." सचिव, टंक बारीक करू नका, आप्पांना वाचता येत नाही.
– माई

चालेल. पण अँगस की अँगास?
– आप्पा