खोगिराखालचे केस झडणे आणि खपल्या : घर्षण की संसर्ग?

प्रश्न : कुमैत

नमस्कार. माझ्या घोडीच्या पाठीवर, खोगिराच्या मागच्या टोकाखाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना साधारण तळहाताएवढ्या भागातले केस विरळ झाले आहेत. ते मुळापासून गळलेले नसून कात्रीने आखूड कापल्यासारखे दिसतात आणि खालची कातडी कोरडी, पण अखंड आहे. एवढेच असते तर हे घर्षण आहे असे मी समजलो असतो. परंतु गेल्या काही दिवसांत डाव्या बाजूला, खोगिराखाली घालतात त्या पॅडच्या खालच्या कडेजवळ बारीक पुटकुळ्या आल्या असून त्यांवर खपली धरते, आणि खपली सुटली की तिच्याबरोबर केसांचा झुबका हातात येतो. त्या जागी खरारा लागला की ती कान मागे टाकून अंग चोरते. शिवाय खांद्याच्या उंचवट्याशी पांढऱ्या केसांचे दोन लहान ठिपके आहेत. ते मी तिला घेतले तेव्हापासूनच आहेत. हे सगळे एकाच कारणाने होत असेल का, तेल किंवा मलम लावून खोगीर घालत राहिले तर चालेल का, आणि जाड पॅडचा उपयोग होईल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : खरारा

तुमच्या वर्णनावरून या तीन वेगवेगळ्या गोष्टी असाव्यात असे वाटते. त्या एकत्र धरल्या तर उपचाराची दिशा चुकेल.

तुटलेले केस, दोन्ही बाजूंना सारखाच आकार आणि अखंड कातडी ही घर्षणाची खूण आहे. पांढरे केस ही जुन्या दाबाची खूण आहे. एखाद्या जागी दीर्घकाळ दाब पडला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, केसाच्या मुळातील रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि पुढे तिथे पांढराच केस उगवतो. हे ठिपके तुम्ही घोडी घेण्याआधीचे असल्याने त्यांचा दोष सध्याच्या खोगिरावर टाकता येणार नाही. ते बहुधा कायम राहतील. मात्र ते वाढत आहेत का, यावर लक्ष ठेवावे.

खरी काळजी पुटकुळ्यांची आहे. दुखणाऱ्या पुटकुळ्या, खपली आणि तिच्याबरोबर निघणारा केसांचा झुबका ही लक्षणे केसतुडासारख्या जिवाणू संसर्गात दिसतात; घाम, उष्णता आणि घासलेली कातडी एकत्र आली की स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू केसांच्या मुळाशी वाढतात. डर्मॅटोफिलस कंगोलेन्सिस या जिवाणूमुळेही खपलीला चिकटलेले केस रंगाच्या कुंचल्यासारखे एकत्र निघतात. हा संसर्ग बराच काळ ओल्या राहिलेल्या कातडीवर होतो. तिसरी शक्यता नायट्याची, म्हणजे ट्रायकोफायटॉन एक्विनम यांसारख्या बुरशीची. त्यात बहुतेक वेळा गोलसर, बाहेरच्या कडेने पसरत जाणारे चट्टे दिसतात, पण सुरुवातीला तोही अशाच पुटकुळ्यांसारखा दिसू शकतो, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. पशुवैद्य चट्ट्याच्या कडेचे केस व खपली तपासणीसाठी घेतील. बुरशीच्या संवर्धनाचा, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याचा, अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, त्यामुळे नमुना उपचारापूर्वी देणे उत्तम. निदान होईपर्यंत हातमोजे घालावेत, कारण नायटा माणसालाही होतो. घरातले स्टेरॉइडयुक्त मलम तर मुळीच लावू नये. त्याने खाज थांबते, पण बुरशी बळावते.

तेलाबाबत माझे स्पष्ट मत नकारार्थी आहे. तेलकट केसांत धूळ आणि मृत कातडी चिकटून राहते, आणि त्यावर खोगीर चढवले की तेच मिश्रण कातडीत घासले जाते.

उत्तर : रिकीब

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मी फक्त खोगिराच्या बसण्याबद्दल लिहितो, कारण घर्षणाचे मूळ तिथेच सापडेल.

पॅड न घालता खोगीर पाठीवर ठेवा, खांद्याचे हाड मोकळे राहील इतके मागे घ्या आणि तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, न आवळता बाजूने पाहा. नंतर सपाट हात पुढून मागे खोगिराखाली सरकवत न्या. पुढे आणि मागे हात दाबला जातो, पण मध्ये सैल जातो, असे जाणवले तर स्वाराचे सगळे वजन चार टोकांवरच येत आहे. खोगीर पुढे फार रुंद असेल तर ते पुढे खाली बसते, मागचा भाग उचलला जातो आणि प्रत्येक पावलाला डावी-उजवीकडे हलतो. मागच्या टोकाखाली दोन्हीकडे तुटलेले केस दिसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. खोगिराचा भार पेलणारा भाग शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, हेही हाताने चाचपून पाहावे.

फेरी झाल्यावर घामाचा ठसा पाहावा. घामेजलेल्या भागाच्या मधोमध कोरडी जागा असेल तर तिथे फार दाब आहे किंवा स्पर्शच होत नाही, असे दोन्ही अर्थ निघतात. ठशाबरोबर हातानेही खात्री करावी लागते. खोगीर काढल्यावर काही वेळाने येणारी सूज किंवा बोटाने दाबताच पाठ खाली नेणे ही दाबाची अधिक भरवशाची खूण आहे.

जाड पॅडने मुळातच घट्ट असलेले खोगीर आणखी घट्ट होते आणि रुंद असलेले डळमळते. जखमेच्या जागी पॅडला भोक पाडण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो कृपया करू नका. भोकाच्या कडेवर दाब एकवटतो आणि जखमेभोवती नवीन कडे तयार होते. खोगीर नीट बसत असेल तर नैसर्गिक लोकरीचे पातळ पॅड घर्षण कमी करते, एवढाच त्याचा उपयोग आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : कुमैत

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचे आभार. तपासून पाहिले असता मधल्या भागात हात बऱ्यापैकी सारखा जातो, पण पुढे खोगीर खरोखरच खाली बसलेले दिसते आणि मागचे टोक हाताने सहज उचलले जाते. पशुवैद्यांनी नमुने घेतले असून तोवर दोन टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या शाम्पूने धुण्यास सांगितले आहे. धुण्याची योग्य पद्धत, पॅडची स्वच्छता आणि या काळातला व्यायाम याविषयी कोणी सांगेल का? खोगिराविना पाठीवर बसलेले चालेल का?

उत्तर : टाप

शाम्पूचा फेस कातडीवर सुमारे दहा मिनिटे राहू द्यावा, कारण लावून लगेच धुतल्यास औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. त्यानंतर साबणाचा अंशही उरणार नाही इतके भरपूर पाणी घालावे आणि पाठ पूर्ण कोरडी करावी. खपल्या ओढून काढू नयेत. भिजल्यावर ज्या आपोआप सुटतील त्याच काढून टाकाव्यात, जमिनीवर पडू देऊ नयेत.

पॅड, ब्रश आणि खरारा दुसऱ्या घोड्याला वापरू नये. पॅड गरम पाण्यात धुवून दोनदा खळबळावे, कपडे मऊ करणारे द्रावण घालू नये आणि कडक उन्हात वाळवावे. राहिलेल्या साबणानेही कातडी लाल होऊन केस जातात. नायटा निघाला तर बुरशीचे बीजाणू खोगिराच्या चामड्यावर आणि पागेतल्या लाकडावर महिनोन्‌महिने टिकतात, हे लक्षात घेऊन तिथेही जंतुनाशक वापरावे लागेल.

खोगिराविना बसण्याचा विचार सोडून द्यावा. झाडाचा, म्हणजे खोगिराच्या सांगाड्याचा आधार नसल्याने स्वाराच्या बैठकीच्या हाडांखाली वजन एकवटते. हाताने चालवणे किंवा लांब दोरीवर फिरवणे पुरेसे आहे, मात्र त्यासाठीचा पट्टा आजारी जागेवरून जाणार नाही असे पाहावे.

संसर्ग गेला, वेदना थांबली आणि नवे केस कातडी झाकू लागले की खोगीर घालायला हरकत नाही, पण त्याआधी ते जाणकार कारागिराकडून घोडीच्या पाठीवर बसवून घ्यावे. पहिल्या दिवसांत पॅड खोगिराच्या मधल्या पोकळीत वर ओढून ठेवावे, खोगीर थोडे पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवावे आणि प्रत्येक फेरीनंतर मागच्या टोकाखालच्या त्या दोन जागांवरून केसांच्या उलट दिशेने बोटे फिरवून पाहावीत. टोके पुन्हा खरखरीत लागली तर खोगीर अजूनही हलते आहे.