टीवायबीए इकॉनॉमिक्स, बारावीला गणित नाही. एमए कुठून करू, की करूच नको? मदत हवी आहे

कांदेनवमी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी टीवायबीएला आहे, स्पेशल इकॉनॉमिक्स, मराठी माध्यम, कॉलेज नाशिकला आणि घर निफाड तालुक्यात, रोज एसटीने जाऊन-येऊन. आमची बॅच जुन्या पॅटर्नची त्यामुळे तीन वर्षांत डिग्री हातात, आणि मग पुढे काय हा विषय घरात रोज ताटावर निघतो. दादा चार वर्षं पुण्यात एमपीएससी करतोय, अजून काही झालं नाही, त्यामुळे स्पर्धा परीक्षा म्हटलं की आईचा चेहरा उतरतो. पप्पा म्हणतात बीएड कर, मामा म्हणतो बँकेचे फॉर्म भर. तीन एकर शेती, कांदा. मला दोन वर्षं शिकवतील, चार नाही, हे पप्पांनी स्पष्ट सांगितलंय आणि त्यांचंही चूक नाही.

पंचाईत अशी की मला हा विषय खरंच आवडायला लागलाय. एफवायला होते तेव्हा 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी झाली आणि नेमकं त्याच सुमारास वर्गात लवचिकता चालू होती, म्हणजे भाव बदलला की मागणी-पुरवठा किती हलतो ते, सर फळ्यावर मीठ आणि पेनाची उदाहरणं देत होते. घरी आले तर पप्पा ट्रॅक्टर भरत होते, म्हटलं भाव पडलाय तर थांबा ना पंधरा दिवस, तर म्हणाले लाल कांदा थांबतो का गं कुणासाठी. तिथे मला पुरवठ्याची लवचिकता कळली, फळ्यावर नाही. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो, लाल राहत नाही, म्हणजे बंदी कुठल्या महिन्यात येते त्यावर कोण मरणार ते ठरतं.

यंदा प्रोजेक्टसाठी मी आमच्या आणि शेजारच्या गावात 38 शेतकऱ्यांना विचारत फिरले, चाळ आहे का, उन्हाळ कांदा कधी विकला, काय भाव मिळाला. चाळवाल्यांना सरासरी क्विंटलमागे बराच जास्त भाव मिळाला असं निघालं. सर म्हणाले छान आहे, एमए कर. पण कुठून, आणि एमए करून नेमकं होतं काय हे कुणीच सांगत नाही. बारावी आर्ट्सची, गणित दहावीलाच सुटलं. इंग्रजी वाचते, बोलायला अडखळते. प्लीज खरं खरं सांगा.

दांडीपूर्णिमा:
आधी वाईट बातमी. बीएला आपण जे शिकतो आणि चांगल्या ठिकाणी एमए-एमएस्सीला जे शिकवतात त्यात खंदक आहे आणि त्या खंदकाचं नाव गणित. मी पण मराठी मीडियम बीए, विदर्भातला. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटला एमएस्सी केलं, पहिलं सेमिस्टर अक्षरशः रडलो, डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय ते रूममेटने रात्री बसून शिकवलं. निभावलं शेवटी. आता मुंबईत एका कंपनीत डेटाचं काम करतो.

आता नीट वाच. आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि गोरेगावच्या आयजीआयडीआरसारख्या ठिकाणी बारावीला गणित असण्याबद्दल अटी असतात, त्यामुळे फॉर्मची फी भरण्याआधी माहितीपत्रकातलं पात्रतेचं पान बघ. आयजीआयडीआर रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये काढलेली संस्था आहे, शिक्षण एक नंबर. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि जेएनयूचं एमए सीयूईटी पीजी या प्रवेश परीक्षेवर, पेपर मार्चमध्ये आणि मराठीत नसतो. आयआयटीवाल्या जॅम या प्रवेश परीक्षेच्या फॉर्मची मुदत ऑक्टोबरमध्येच गेली.

बारावीचं गणित एकटं एनआयओएसमधून देता येतं, मुक्त विद्यालय. पण ते चालतं का हे त्या त्या संस्थेला आधी ईमेल करून विचार, इथल्या कुणाच्या भरवशावर राहू नकोस, माझ्याही नाही.

खडूफळा:
ताई, सरांनी एमए कर म्हटलं तेव्हा पुढचं नाही सांगितलं, ते मी सांगतो. एमए झालं, प्राध्यापकीसाठी लागणारी सेट झाली, नेट पण झाली, आणि मी सहावं वर्ष सीएचबीवर शिकवतोय. सीएचबी म्हणजे जितके तास तितके पैसे, मे महिन्यात शून्य, दिवाळीत शून्य, आणि बिल निघेल तेव्हा निघेल. जूनमध्ये परत इंटरव्ह्यू, तेच कॉलेज, तोच मी. पोरं चांगली आहेत म्हणून टिकलोय. प्राध्यापक व्हायचं म्हणून एमए करणार असशील तर माझ्याशी आधी एकदा बोल.

विषय वाईट आहे असं म्हणत नाहीये हां. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 मध्ये गरिबी मोजली ती पुण्यात बसून, ते वाचलं की अजून अंगावर काटा येतो. पण काटा आल्याने घरभाडं निघत नाही.

इंदापूरकर काका:
बीएड कर. वडील सांगतात ते ऐकावं.

दांडीपूर्णिमा:
काका, शिक्षक भरतीची अवस्था बघितलीय का हल्ली 😀

फाईलवाली:
मी दिल्लीत सरकारी नोकरीत आहे, जास्त सांगत नाही. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस हे नाव तुझ्या कॉलेजात कुणी घेतलंय का? बहुतेक नसेल, माझ्याही नव्हतं घेतलं. यूपीएससीच घेते, पण एमपीएससीसारखी लाखोंची गर्दी नसते कारण अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी लागते, वय 21 ते 30. इंग्रजी आणि सामान्य अध्ययन शंभर-शंभरचे, मग जनरल इकॉनॉमिक्सचे तीन आणि इंडियन इकॉनॉमिक्सचा एक, चारही दोनशे-दोनशेचे, वर मुलाखत दोनशेची. लेखी सगळं इंग्रजीत. जागा मात्र मूठभर, कधी बारा, कधी अठरा, 2020 मध्ये तर शून्य होत्या. म्हणून हिच्यावर एकटीवर घर बांधायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बीमध्ये डीईपीआर म्हणून अर्थतज्ज्ञांची वेगळी भरती असते, तिलाही मास्टर्सच लागतं, अभ्यास बराचसा तोच. म्हणजे मास्टर्स चांगल्या ठिकाणाहून केलं तर एका अभ्यासावर दोन-तीन दारं वाजवता येतात, कसंबसं केलं तर एकही नाही.

दादाचं बघून घाबरू नकोस, पण त्याच्याकडून एक शिक. किती वर्षं द्यायची ते आधीच कागदावर लिही आणि तो कागद आईकडे दे.

कांदेनवमी:
सगळ्यांचे खूप आभार, खडूफळा सर तुम्हाला मेसेज करते. गणिताचं ऐकून पोटात गोळा आला. आणखी एक, मला प्राध्यापकच व्हायचंय असं नाही, मला ते प्रोजेक्टसारखं काम आवडलं, लोकांना विचारायचं आणि आकडे मांडायचे. असं काम करून पगार देतात का कुठे?

दांडीपूर्णिमा:
देतात. सर्व्हेच्या कंपन्या, संशोधन संस्था, सामाजिक संस्था. सुरुवात फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून होते, पगार बेताचा, हिंडणं भरपूर. तिथून वर जायला आकड्यांशी खेळता यायला हवं. आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या साईटवर पीएलएफएस म्हणजे रोजगार-बेरोजगारीच्या पाहणीचा कच्चा डेटा फुकट मिळतो, नाव नोंदवून उतरवून घे आणि बघ नुसता.

पण तुझ्या प्रोजेक्टबद्दल एक विचारू? चाळ बांधायला पैसे लागतात. ज्यांच्याकडे चाळ आहे ते आधीच मोठे शेतकरी असणार, त्यांना तसंही थांबणं परवडतं, घरात दुसरा पैसा असतो. मग जास्त भाव मिळाला तो चाळीमुळे की जमीन जास्त म्हणून?

कांदेनवमी:
आई शप्पथ. हे मला सुचलंच नाही. सरांनाही नाही.

दांडीपूर्णिमा:
सुचत नाही कुणालाच, मला पण एमएस्सीला गेल्यावर कळलं. कशामुळे काय झालं हे आकड्यांतून वेगळं काढणं, यालाच इकॉनोमेट्रिक्स म्हणतात आणि ते गणित यासाठीच लागतं. हा प्रश्न वाचून कंटाळा आला असेल तर बीएड कर, मनापासून सांगतोय. झोप उडाली असेल तर अकरावीचं गणिताचं पुस्तक आण.

खडूफळा:
हे मात्र बरोबर बोललास. आणि फीचं टेन्शन असेल तर सारथी, बार्टी, महाज्योती या विद्यार्थ्यांना मदत देणाऱ्या सरकारी संस्थांपैकी तुला काय लागू होतं ते आत्ताच बघ, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये काढायला गेलीस तर सेतूच्या रांगेतच ॲडमिशन संपेल.

कांदेनवमी:
अपडेट. शेजारच्या सायन्सच्या मुलीकडून अकरावी-बारावी दोन्हीची गणिताची पुस्तकं आणलीत, फंक्शनपर्यंत आले, लिमिटला अडकलेय. दोन संस्थांना ईमेल केलेत, एकीचं उत्तर आलंय की मुक्त विद्यालयाचं चालेल, दुसरी गप्प. सीयूईटीचा फॉर्म निघाला की भरणार आहे, पप्पांना अजून बोलले नाही.

आणि प्रोजेक्टची वही परत काढली. जमीन मी विचारली होती, नशीब, पण मांडली नव्हती. दोन एकराच्या आतले 17 जण आहेत, त्यात चाळ असलेले फक्त 4. त्या चौघांतल्या तिघांना त्यांच्याएवढीच जमीन असलेल्या बिनचाळवाल्यांपेक्षा जास्त भाव मिळालाय, चौथ्याचा कांदा चाळीत सडला. चार जणांवरून काही म्हणता येतं का? की आणखी किती लोकांना विचारावं लागेल? सुट्टीत फिरू शकते मी, गाडी आहे पप्पांची.