अनंताच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. कुंपणाच्या भिंतीला लागून 3 वर्षांचा अनंत आहे. पावसाळ्यात हिरवागार असतो, पण मार्चपासून, नेमक्या कळ्या धरायच्या वेळी, त्याचं बिनसतं. कळी फुगते, टोकाला पांढरी दिसते आणि दुसऱ्या दिवशी खाली पडलेली. यंदा चाळीसेक कळ्यांतून 5 फुलं मिळाली. आई रोज सकाळी देवाच्या फुलांसाठी आधी त्याच्यापाशी जाते, म्हणून जास्त वाईट वाटतं.

कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. म्हणजे झाडाला लोह मिळत नसावं. पण आमची जांभ्याची माती मुळात आम्ल, अनंताला हवी तशीच, आणि आम्ल मातीतून लोह सहज मिळतं. मला संशय भिंतीच्या गिलाव्याचा आहे. सिमेंट-चुना मुळाशी उतरून मातीचा आम्लपणा गेला असेल का?

विहिरीचं पाणी दिवसाआड एक कळशी घालतो. बुंध्याशी काजूचा पाचोळा आहे. दुपारचं ऊन थेट लागतं.

कळ्या असताना पाणी रोज द्यावं का? चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं) आत्ता फवारलं तर चालेल? की जूनमध्ये पाऊस लागल्यावर झाड भिंतीपासून दूर हलवावं? शेजारी म्हणतात, कुंती लावा, ती उन्हाला टिकते. पण अनंत काढायचं मन होत नाही.