ऊसतोड मजुरांची मुलं: गावात ठेवायची की कारखान्याजवळच्या शाळेत घालायची?

बालाघाटी: दसरा झाला की आमच्या बीडकडच्या वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊस तोडायला कोल्हापूर, सांगली, नाहीतर थेट बेळगावकडे जातात आणि परततात मार्च-एप्रिलला. पोरांचं निम्मं वर्ष गेलं. माझं मत सरळ आहे, मुलं गावातच राहावीत. हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत. फक्त ती पहिला ट्रक हलायच्या आधी सुरू करा, दिवाळीनंतर प्रस्ताव फिरवत बसू नका.

कृष्णाकाठ: सहा वर्षांचं लेकरू पाच महिने आईविना? आणि रात्रीचं काय? कित्येक ठिकाणी वसतिगृह म्हणजे शाळेत दोन वेळचं जेवण आणि झोपायला म्हाताऱ्या आजीचं घर. पोरं आईबापामागे येणारच. २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की वयानुसार वर्गात घ्या, दाखल्यासाठी अडवू नका. आमच्याकडच्या शाळांनी तेवढं पाळलं तरी पुष्कळ.

बालाघाटी: प्रवेश मिळेल हो! आईबाप अंधारातच उसाच्या फडात जातात. कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, धाकटं भावंड, त्याला सांभाळायला नऊ वर्षांची ताई. नाव हजेरीपटावर, पोरगी कोपीत. बेळगावकडे गेली तर समोर कन्नड फळा, ते वेगळंच.

साखरशाळेवाली: मी मजुरांच्या तळावर, त्यांच्या मुलांच्या साखरशाळेत शिकवलंय. तुम्ही दोघं सगळ्या टोळ्या एकाच मापाने मोजताय. बैलगाडीवाल्यांचा तळ हंगामभर बहुतेक कारखान्याजवळच असतो, त्यांची मुलं जवळच्या शाळेत टिकतात. डोकी सेंटरवाले मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरतात आणि फड संपला की पुढच्या गावाला. त्यांच्यामागे कुठली शाळा धावणार? दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड हातात दिलं तरी ते दाखवायचं कुणाला?

कृष्णाकाठ: मान्य. पण म्हणून लहानग्यांना मागे ठेवा, हे नाही पटत.

साखरशाळेवाली: लहानग्यांचं मीही म्हणत नाही. मोठ्या मुलींचं बघा. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने तिचं लग्न उरकतात. मग नवीन कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवी जोडी, तयार; मुकादम उचल द्यायला टपलेलाच. तिच्यासाठी रात्री मुक्कामाला बाई असलेलं वसतिगृह हवंच. नुसत्या जेवणाच्या डब्याने ते लग्न थांबत नाही.

बालाघाटी: तेच तर म्हणतोय! पण रात्रपाळीच्या बाईचं मानधन हंगाम संपल्यावर निघत असेल तर येणार कोण?