मदत हवी आहे: डायलिसिस चालू असताना खाटेवरून ट्यून करता येईल असा ४० मीटरचा लूप अँटेना

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचे, लायसन्स मिळून बरीच वर्षे झाली, पण विकतचा अँटेना मी आजवर एकदाही लावलेला नाही. ४० मीटर बँडसाठी, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झसाठी, गच्चीवर स्वतः केलेला डायपोल होता. १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागायचे, जेवढे मीटर येतील तेवढी तार घेऊन ती मधोमध तोडायची आणि दोन्हीकडे दहा-दहा मीटर ताणायची, हे काम मी दर पावसाळ्यानंतर आनंदाने करत असे.

गेल्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून घरीच पेरिटोनियल डायलिसिस चालू आहे. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: पोटात एक मऊ नळी कायमची बसवलेली असते, तिच्यातून दोन लिटर द्रव आत सोडायचा, चार-सहा तासांनी तो बाहेर काढायचा आणि नवा भरायचा. असे एक्सचेंज मला दिवसातून चार वेळा करावे लागते व प्रत्येकाला अर्धा तास सहज लागतो. जड उचलायचे नाही, कारण पोटात द्रव असताना हर्नियाची भीती असते. शिडी चढण्याइतकी ताकदही आता राहिलेली नाही. त्यामुळे गच्चीचा विषय संपला.

तरीही सुरुवातीचे काही महिने मी जुन्या डायपोलची केबल खिडकीतून आत घेऊन नुसते ऐकत होतो. एक्सचेंजच्या वेळी धूळ उडू नये म्हणून पंखा बंद आणि खिडक्या घट्ट लावलेल्या असाव्या लागतात. केबलमुळे माझी खिडकी बोटभर उघडी राहत असे. तिथे मी कापडाची घडी कोंबत असे. पुढे एका सकाळी बाहेर आलेला द्रव तांदळाच्या धुवणासारखा गढूळ दिसला. तो पोटातला जंतुसंसर्ग होता आणि त्यासाठी मला दवाखान्यात राहावे लागले. तो खिडकीमुळेच झाला असे डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणत नाही. पण घरी आल्यावर पहिल्यांदा ती केबल काढायला लावली. आता खोलीबाहेर एकही तार जाणार नाही, हा माझा आणि सौ.चा ठरलेला नियम आहे आणि कृपया त्याला धरूनच उपाय सुचवावेत.

म्हणून खोलीतच उभा करता येईल असा लूप, म्हणजे वेढ्याच्या आकाराचा छोटा अँटेना, केला. एसी बसवणारे वापरतात ती पाव इंची तांब्याची नळी घेऊन एक मीटर व्यासाचा एकच वेढा वळवला आणि पीव्हीसी पाइपच्या सांगाड्यावर बांधला. वर, जिथे नळीची दोन टोके समोरासमोर येतात, तिथे जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला ५०० पीएफचा (पिकोफॅरडचा) गँग कंडेन्सर, म्हणजे फिरवून स्टेशन लावायचा भाग, लावला. खाली २० सेंटिमीटर व्यासाचा छोटा वेढा आहे आणि त्यातून केबल रिसीव्हरला जाते. लूपचे इंडक्टन्स माझ्या हिशेबाने सव्वातीन मायक्रोहेन्रीच्या आसपास आहे, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला साधारण १५५ पीएफ लागतात आणि गँग तेवढे आरामात देतो. नळी कापणे, घासणे आणि सोल्डरिंग हे सगळे भाच्याने बाहेरच्या गॅलरीत केले, कारण तांब्याचा कीस मला या खोलीत नको होता. मी खुर्चीवर बसून मापे सांगितली.

लूप चालतो, आणि अपेक्षेपेक्षा चांगला चालतो. घरातल्या इन्व्हर्टरची घरघर पूर्वी सगळ्या बँडवर पसरलेली असे. आता लूपचा सपाट चेहरा इन्व्हर्टरच्या दिशेला केला की ती जवळजवळ नाहीशी होते. दिवसा महाराष्ट्रातली स्टेशने स्वच्छ लागतात आणि रात्री दूरची येतात. अडचण वेगळीच आहे.

माझा ऐकण्याचा वेळ म्हणजे एक्सचेंजचा अर्धा तास. हात धुऊन, मास्क लावून, पिशवी जोडली की मी खाटेवर बसतो. रिसीव्हर शेजारी असतो, लूप मात्र चार-पाच फुटांवर खिडकीपाशी, कारण तिथेच आवाज चांगला येतो. नळी जोडलेली असताना उठून तिथवर जाता येत नाही, आणि गँगला हात लावला तर नळी सोडवण्याआधी हात पुन्हा नीट धुवावे लागणार. त्यात हा लूप इतका टोकदार ट्यून होतो की गँग एक अंश फिरला तरी ५०-६० किलोहर्ट्झचा फरक पडतो. सगळा २०० किलोहर्ट्झचा बँड जेमतेम तीन-चार अंशांत मावतो. शिवाय हात जवळ नेला की ट्यूनिंग सरकते, आणि नेमके लागले म्हणून हात काढावा तर आवाज बसतो. सध्या सौ. माझ्या खुणेवर गँग फिरवते. तिला दिवसभर माझेच किती करावे लागते ते मी पाहतो. हेही काम तिच्यावर टाकणे मला बरे वाटत नाही.

मी तीन वाटा विचारात घेतल्या आहेत. पहिली, गँगच्या जागी १४५ पीएफच्या आसपासचा स्थिर सिल्व्हर मायका कंडेन्सर ठेवायचा आणि त्याला समांतर एफएम गँगमधला २० पीएफचा भाग जोडायचा, म्हणजे तोच बँड जवळजवळ पाव फेऱ्याभर पसरेल. मग कप्पी लावून जुन्या रेडिओच्या डायलला असते तशी दोरी खाटेपर्यंत आणायची. मला हीच मनापासून आवडते, पण पाच फुटांवर दोरी घसरेल का, याचा अनुभव नाही. दुसरी, बॅटरीवरची संथ गिअर मोटर. तिचा खरखराट फक्त फिरवतानाच येईल, तेवढा चालेल. तिसरी, व्हॅरॅक्टर डायोड (व्होल्टेज बदलले की ज्याचे पीएफ बदलतात असा भाग) लावून व्होल्टेजने ट्यून करायचे. यात फिरणारे काहीच नाही आणि खाटेपाशी फक्त एक नॉब येईल. पण पुणे आकाशवाणीचे ७९२ किलोहर्ट्झचे प्रक्षेपण इथे जोरात येते, त्यामुळे डायोडमध्ये नको ती मिसळ होईल अशी शंका वाटते. ज्यांनी प्रत्यक्ष असा लूप वापरला आहे त्यांनी कृपया सांगावे.

याच लूपवरून ५ वॉटने बोलावे का, हे कोणी विचारण्याआधीच सांगतो: इतक्या कमी शक्तीलाही कंडेन्सरवर शेकडो व्होल्ट चढतात, आणि मी लूपपासून चार फुटांवर पिशवीला जोडलेला असतो. तूर्त फक्त ऐकायचे आहे. सकाळी सातच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या हॅम मंडळींच्या बैठकीत, जुने मित्र हजेरी घेतात. मध्यंतरी एकाने माझा कॉल साइन (लायसन्सवरचे रेडिओ-नाव) घेऊन विचारले, कोणी याला ऐकले आहे का? मी ऐकत होतो. त्यांना नंतर फोन केला. पण तेव्हा सौ. स्वयंपाकघरात असती, तर ते वाक्य माझ्या कानावर आलेच नसते.

तेव्हा दोरी, मोटर की डायोड, एवढे ठरवायला मदत हवी आहे. आणि डायलची पक्की, न ताणणारी दोरी व लहान कप्प्या पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, अजून कुठे मिळतात का, हेही कळवावे. भाचा रविवारी येणार आहे.